टॉर ब्राउझर : कोण वाचत आहे हे न सांगता वाचण्याची सोय

टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सच्या पायावर उभारलेला, मोफत मिळणारा आणि मुक्तस्रोत असलेला ब्राउझर आहे. पुण्यातील घरच्या फायबर जोडणीवर, विंडोजच्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर मी तो नियमित वापरतो. त्याच्याविषयी आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती ऐकू येतात. तो गुन्हेगारांसाठीच असतो, ही एक. आणि तो सुरू केला की आपण कोणालाच दिसत नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, पण दुसरी अधिक घातक आहे, कारण तिच्यावर विसंबलेला माणूस निर्धास्त होतो. माझे मत आधीच सांगून ठेवतो. कोणाला पत्ता लागू न देता वाचायचे असेल, तर सामान्य माणसाच्या आवाक्यातले याच्या तोडीचे दुसरे साधन मला माहीत नाही. मात्र बँक, वीजबिल, तिकिटे, खरेदी अशा रोजच्या व्यवहारांसाठी ते नाही, आणि त्यासाठी ते वापरण्याचा आग्रहही धरू नये.

याची गरज कोणाला पडते, हे समजण्यासाठी नवी पेठ किंवा सदाशिव पेठेतील एखादी अभ्यासिका डोळ्यांसमोर आणावी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तेथे दिवसभर बसतात आणि सगळ्यांचे फोन व लॅपटॉप एकाच वाय-फायला जोडलेले असतात. त्यांतील एखादी मुलगी झोप उडाल्यामुळे, मन थाऱ्यावर नसल्यामुळे मानसोपचाराविषयी वाचू लागली, तर ती गोष्ट किती जणांपर्यंत पोहोचते? आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस ही मजकूर वाटेत कुलूपबंद ठेवणारी पद्धत वापरतात, त्यामुळे तिने नेमका कोणता लेख वाचला हे वाटेत कोणाला दिसत नाही. परंतु ती कोणत्या संकेतस्थळावर गेली, त्या संकेतस्थळाचे नाव राउटर सांभाळणाऱ्याला आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला सहसा कळू शकते. नाव एखाद्या समुपदेशन केंद्राचे असेल, तर पुढचे काही कळण्याची गरजच उरत नाही. संकेतस्थळाला तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील तिच्या जोडणीचा क्रमांक, मिळतो. त्या पानावर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे छोटे कोड, असतील, तर त्यांनाही ही भेट कळते, आणि संध्याकाळी पाककृती पाहताना त्याच विषयाच्या जाहिराती तिच्या पडद्यावर येऊ लागतात. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला त्या दिसल्या, तर तिने कोणालाही न सांगितलेली गोष्ट जाहिरातीने सांगितलेली असते. तिने काहीही गैर केलेले नाही. तिला फक्त एकटीने वाचायचे होते.

अशा वेळी बहुतेक जण ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकी उघडतात आणि तेथेच थांबतात. ही खिडकी बंद केल्यावर त्या संगणकावरचा इतिहास आणि कुकी (संकेतस्थळांनी संगणकावर ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात, त्यामुळे घरातील दुसऱ्या माणसाने तोच संगणक उघडला तर त्याला काही दिसत नाही. तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे. पण संकेतस्थळ, कार्यालय किंवा महाविद्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट सेवा देणारी कंपनी यांना तुमच्या हालचाली दिसू शकतात, हे क्रोम स्वतःच त्या खिडकीच्या पहिल्या पानावर सांगतो. ते पान फारसे कोणी वाचत नाही. इन्कॉग्निटोमध्येही माहिती गोळा केली जाते, या तक्रारीवरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल झाला. त्यात झालेल्या तडजोडीच्या अटी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयासमोर आल्या, आणि अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. एवढ्या नोंदी साठल्या होत्या, यातच त्या खिडकीची मर्यादा स्पष्ट होते.

हिंजवडी-खराडीकडच्या आयटी मंडळींशी बोलताना व्हीपीएनचे नाव निघतेच. व्हीपीएन ही तुमची सगळी इंटरनेट वाहतूक आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा आहे. ती घेतल्यावर तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कोठे जाता हे दिसत नाही, हे खरे आहे. मात्र तेच सगळे आता व्हीपीएन कंपनीला दिसते. विश्वास एका कंपनीवरून दुसरीवर गेला, एवढाच फरक पडला. भारतात तर या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. त्यानंतर एक्सप्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड व्हीपीएन आणि प्रोटॉन व्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. कार्यालयाशी सुरक्षित जोडणी करण्यासाठी किंवा हॉटेलच्या वाय-फायवर काम करण्यासाठी व्हीपीएन चांगले आहे. पण ज्या सेवेकडे तुमचे नाव आणि पैसे भरल्याची नोंद आहे, तिच्या भरवशावर अनामिकता उभी राहू शकत नाही.

टॉरची रचना मुळातच वेगळ्या विचारातून झाली आहे: कोणाही एकावर पूर्ण विश्वास ठेवण्याची वेळच येऊ द्यायची नाही. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी मांडली. आजचे टॉर जाळे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सायव्हरसन यांच्यासह २००२ मध्ये सुरू केले. त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि २००६ मध्ये द टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली. लष्करी प्रयोगशाळेतून निघालेल्या गोष्टीवर विश्वास का ठेवावा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे, की फक्त नौदलाची माणसे वापरतात असे जाळे असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचा हे आपोआप कळले असते. पत्रकार, विद्यार्थी, रुग्ण, गृहिणी अशी सर्व प्रकारची माणसे त्यात असतील तरच त्यातला प्रत्येक जण लपतो. म्हणून ते सर्वांसाठी खुले करणे भागच होते, आणि कोड खुला असल्यामुळे जगभरातील तज्ज्ञ तो वर्षानुवर्षे तपासत आले आहेत.

तुम्ही एखादे पान उघडता तेव्हा टॉर ब्राउझर त्या विनंतीवर सांकेतिकीकरणाचे, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये असा करण्याचे, तीन थर चढवतो आणि ती जगात वेगवेगळ्या ठिकाणी स्वयंसेवकांनी चालवलेल्या तीन रिलेंमधून, म्हणजे पुढे धाडणाऱ्या संगणकांमधून, पाठवतो. प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एक थर काढतो. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता कळतो, पण तुम्ही कोठे चालला आहात हे कळत नाही. शेवटच्याला तुम्ही कोठे चालला आहात ते कळते, पण तुम्ही कोण हे कळत नाही. मधल्याला यांतले काहीच कळत नाही, त्याला फक्त आपल्या आधीचा आणि नंतरचा रिले माहीत असतो. ‘कोण’ आणि ‘काय’ या दोन गोष्टी एकाच हाती पडू द्यायच्या नाहीत, हे या रचनेचे मर्म आहे, आणि टॉरच्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे ते सगळे येथूनच येते.

हे केवळ मानून घ्यावे लागत नाही, ते पडद्यावर पाहता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे असलेल्या सर्किटच्या, म्हणजे तीन रिलेंच्या मार्गाच्या, चिन्हावर टिचकी मारली की छोटी चौकट उघडते. तिच्यात सर्वात वर ‘हा ब्राउझर’ असतो, त्याखाली, समजा, जर्मनी, मग नेदरलँड्स, मग रोमानिया, आणि शेवटी तुम्ही उघडलेले संकेतस्थळ. शेजारच्या टॅबमध्ये दुसरे संकेतस्थळ उघडून तीच चौकट पाहिली, तर पहिला देश तोच राहतो आणि पुढचे दोन सहसा बदललेले असतात. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळे सर्किट बांधले जात असल्यामुळे दोन संकेतस्थळांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या, तरी आयपी पत्त्यावरून दोन्हीकडे आलेला माणूस एकच आहे हे त्यांना ठरवता येत नाही. पहिला रिले मात्र मुद्दामच बराच काळ बदलला जात नाही. तो दर वेळी बदलला, तर कधी ना कधी वाईट हेतूने चालवलेला रिले वाट्याला येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तेथे रोज तोच देश दिसला तर बिघाड समजू नये.

आयपी पत्ता लपवणे हे अर्धेच काम आहे. पडद्याचा आकार, टाइम झोन, भाषा, संगणकावर बसवलेले टंक (फॉन्ट), चित्रे रेखाटण्याची ग्राफिक्स कार्डाची पद्धत अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या, की कुकी नसतानाही एखादा ब्राउझर हजारांतून ओळखता येतो. यालाच फिंगरप्रिंटिंग म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतील ८३.६ टक्के ब्राउझर त्या संचात एकमेव ठरले. पुण्यातील एक उदाहरण घ्यावे. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या संगणकावर श्रीलिपीसारखे कितीतरी मराठी टंक बसवलेले असतात. असे टंक असलेले संगणक जगात किती असणार? त्यात पडद्याचा आकार आणि भारतीय वेळ मिळवली, तर नाव-गाव काहीही न सांगता तो संगणक पुन्हा पुन्हा ओळखता येण्याइतका वेगळा होतो. व्हीपीएनमुळे यात काहीच बदल होत नाही.

टॉर ब्राउझरचा यावरचा उपाय असा, की आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दाखवायचे. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकातले शंभर वादक एकाच वेशात, एकाच फेट्यात उभे असले, की त्यातला नेमका कोण आपल्या ओळखीचा हे दुरून सांगता येत नाही, तसा हा प्रकार आहे. ब्राउझर ठरावीक टंकच वापरू देतो, त्यामुळे तुमचे श्रीलिपीचे टंक संकेतस्थळांना दिसतच नाहीत. खिडकी मोठी केली तर पानाच्या कडेने रिकामा पट्टा राहतो. पान मोजक्या ठरावीक आकारांतच दाखवले जावे आणि तुमच्या पडद्याचे खरे माप बाहेर जाऊ नये, यासाठी तो पट्टा असतो. अनेकांना तो दोष वाटतो. वेळ सर्वांसाठी यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते. परिणामी रात्री दहा वाजता एखाद्या संकेतस्थळावरचे घड्याळ दुपारचे साडेचार दाखवते. याच कारणासाठी या ब्राउझरला जास्तीची एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पूरक सॉफ्टवेअर) जोडू नयेत, रंगरूप बदलू नये आणि सेटिंगमध्ये फार हात घालू नये, कारण आपण केलेला प्रत्येक बदल आपल्याला त्या गर्दीतून वेगळे काढतो. जाहिराती अडवणारे आवडते एक्स्टेन्शनही तेथे नको, हे पचायला जड जाते, पण ते योग्य आहे.

आता गैरसोयी. वेग कमी असतो, आणि तो नेहमीच कमी राहणार, कारण विनंतीला तीन ठिकाणी थांबून जावे लागते. घरी कितीही वेगवान फायबर असले, तरी मराठी वृत्तपत्राचे पान उघडताना काही सेकंद वाट पाहावी लागते. मजकूर वाचण्यासाठी तेवढे थांबणे मला जड जात नाही, पण उत्तम दर्जाचा व्हिडिओ पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. व्हिडिओ कॉल तर जवळपास होतच नाहीत, कारण ते माहिती पाठवण्याच्या ज्या यूडीपी पद्धतीने चालतात ती टॉरच्या जाळ्यातून जात नाही. दुसरी गैरसोय अधिक त्रासदायक आहे. टॉरच्या शेवटच्या रिलेंचे आयपी पत्ते जाहीर असतात आणि त्यांवरून काही जण उपद्रवही करतात, म्हणून अनेक संकेतस्थळे या पत्त्यांवरून येणाऱ्यांना तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला लावतात. वाहतूक दिवे आणि झेब्रा क्रॉसिंग ओळखून दाखवल्यावर पुन्हा तीच चाचणी समोर येते, आणि काही संकेतस्थळे तर दारच उघडत नाहीत. अशा वेळी ‘या संकेतस्थळासाठी नवे सर्किट’ हा पर्याय निवडला, तर बहुतेकदा काम होते. शेवटचा रिले ज्या देशात असेल तेथील भाषेत पान उघडणे, हाही नेहमीचा अनुभव आहे. परदेशी दुकानाचे पान अचानक जर्मनमध्ये दिसू लागले तर गोंधळून जाऊ नये.

मराठी वाचकाच्या दृष्टीने पाहिले, तर देवनागरी मजकूर व्यवस्थित दिसतो, जोडाक्षरे तुटत नाहीत आणि मूळचे शोधयंत्र असलेल्या डकडकगोमध्ये मराठीत शोधही घेता येतो. मात्र ब्राउझरच्या सूचना आणि मेनू मराठीत नाहीत. फायरफॉक्स मराठीत मिळतो, मग त्याच पायावर उभ्या असलेल्या या ब्राउझरचे मराठीकरण व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. ज्या ज्येष्ठ मंडळींना इंग्रजी मेनूंची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ही मोठी अडचण आहे. मराठी टाइप करण्याविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. फोनवरचा कीबोर्ड हे स्वतंत्र ॲप असते. त्यात टाइप केलेला शब्द टॉरपर्यंत पोहोचण्याआधी त्या ॲपच्या हाती पडलेला असतो, आणि तेथे टॉरचे काही चालत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी करून देणारे काही कीबोर्ड शब्द सुचवण्यासाठी इंटरनेटचा आधार घेतात, त्यामुळे नाजूक विषयाचा शोध घेताना कोणता कीबोर्ड वापरतो आहोत हे पाहून घ्यावे.

सुरक्षिततेच्या तीन पातळ्या दिलेल्या आहेत. मूळच्या पातळीवर जवळपास सर्व संकेतस्थळे नीट चालतात. मधली पातळी एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळांवर जावास्क्रिप्ट (पानावर छोटे प्रोग्राम चालवणारी भाषा) बंद करते, आणि सर्वोच्च पातळी ती सर्वत्र बंद करते. निव्वळ वाचनासाठी मधली पातळी पुरेशी आहे, असे माझे मत आहे. सर्वोच्च पातळीवर काही वृत्तपत्रांच्या पानांवर मजकूर उरतो आणि छायाचित्रे गायब होतात, तर काही पाने कोरीच राहतात.

सर्वात जास्त सांगण्यासारखे आहे ते वापरणाऱ्याच्या वागण्याविषयी, कारण टॉर तुमचा आयपी पत्ता लपवतो, तुमचे बोलणे लपवत नाही. टॉरमध्ये आपल्या नेहमीच्या ईमेल खात्यात शिरलात, तर तुम्ही कोण हे त्या सेवेला तुम्हीच सांगितलेले असते. जाळ्यातून बाहेर पडण्याच्या टप्प्यावरही असाच धोका असतो. संकेतस्थळ एचटीटीपीएसचे नसेल, तर शेवटच्या रिलेवरून मजकूर उघड वाचता येतो. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टॅड या सुरक्षा संशोधकाने स्वतः असे काही रिले चालवले आणि त्यांवरून जाणाऱ्या वाहतुकीतून अनेक देशांच्या वकिलातींच्या ईमेलचे पासवर्ड त्याला मिळाले. त्यांत भारतीय वकिलातींची खातीही होती. तेथे टॉरने आपले काम चोख केले होते. सांकेतिकीकरण न केलेली ईमेल सेवा वापरणे ही चूक वापरणाऱ्यांची होती. आताच्या टॉर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसचाच आग्रह धरणारी सोय मूळचीच सुरू असते आणि असुरक्षित पान उघडण्याआधी इशारा मिळतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नये.

दुसरी घटना डिसेंबर २०१३ मधली आहे. हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कोणी फोडले नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉर कोण वापरत होते, एवढेच तपासले गेले, आणि विचारपूस केल्यावर त्याने कबुली दिली. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, पण प्रामाणिक वापरकर्त्यानेही त्यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी: टॉरमध्ये तुम्ही काय पाहता हे स्थानिक नेटवर्कला कळत नाही, मात्र तुम्ही टॉर वापरता हे कळू शकते. ब्रिज नावाच्या अघोषित रिलेंमधून जोडणी केली तर हेही बरेचसे झाकता येते. तसेच टॉरमधून उतरवून घेतलेली पीडीएफ किंवा वर्डची फाइल इंटरनेट सुरू असताना लगेच उघडू नये, कारण ती टॉरच्या बाहेरून थेट जोडणी करून तुमचा खरा आयपी पत्ता उघड करू शकते. आणि संगणकातच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरलेले असेल, तर कोणताही ब्राउझर तुम्हाला वाचवू शकत नाही.

भारतात टॉर वापरण्यावर बंदी नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले आहे. या हक्काचा उपयोग फक्त घाबरलेल्यांना होतो असे नाही. माहिती अधिकाराचे काम करणाऱ्या माणसाचा विचार करावा. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघड करणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जो माणूस एखाद्या बलाढ्य कंपनीची माहिती काढत असतो, तो तिच्या संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा जातो, आणि प्रत्येक वेळी आपला आयपी पत्ता, वेळ आणि पाहिलेली पाने यांची नोंद त्या कंपनीच्याच सर्व्हरवर ठेवून येतो. ज्याची चौकशी चालू आहे त्यालाच चौकशी करणाऱ्याची चाहूल लागणे, याइतकी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. अशा कार्यकर्त्यांनी, पत्रकारांनी आणि वकिलांनी टॉरची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. घरात छळ सोसणारी आणि मदत शोधणारी स्त्री, आपल्या आजाराविषयी कार्यालयात कळू नये असे वाटणारा कर्मचारी, यांनाही त्याचा तितकाच उपयोग आहे. मात्र फोन किंवा लॅपटॉप दुसरे कोणी तपासत असेल, तर टॉरचे चिन्हच प्रश्नाचे कारण ठरू शकते, हे त्या स्त्रीने आधी लक्षात घ्यावे.

ब्राउझर उतरवून घ्यायचा तो टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅस्परस्की या संगणक सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या एका प्रकरणात, यूट्यूबवरील चिनी भाषेतील व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून टॉरची बनावट प्रत पसरवली जात होती आणि ती वापरणाऱ्यांचीच माहिती गोळा करत होती. ओळखीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइलही घेऊ नये. अद्ययावत आवृत्ती आली की लगेच घ्यावी, ही सूचना नेहमीची वाटली तरी येथे ती विशेष महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ज्या त्रुटीचा वापर करून काही टॉर वापरकर्त्यांचे खरे पत्ते मिळवले गेले, ती नव्या आवृत्तीत आधीच दुरुस्त झालेली होती. जुनी आवृत्ती चालवणारेच त्यात सापडले.

अँड्रॉइडसाठी स्थिर आवृत्ती मे २०१९ मध्ये आली आणि ती प्ले स्टोअरवर मिळते. फोनवर ती लॅपटॉपपेक्षा थोडी सुस्त वाटते, तरी वाचनासाठी पुरते. आयफोनसाठी टॉर प्रोजेक्टचा स्वतःचा ब्राउझर नाही. ॲपलच्या नियमांमुळे तेथील ब्राउझरना पाने दाखवण्यासाठी ॲपलचे वेबकिट हे इंजिनच वापरावे लागत आले आहे, म्हणून टॉर प्रोजेक्ट अनियन ब्राउझर या वेगळ्या ॲपची शिफारस करते. ते बरे आहे, पण फिंगरप्रिंटिंगपासून लॅपटॉपवर जेवढे संरक्षण मिळते तेवढे तेथे मिळत नाही, त्यामुळे आयफोन वापरणाऱ्यांनी महत्त्वाचे वाचन लॅपटॉपवर करावे.

ज्यांना आयपी पत्ता लपवण्याची तितकी निकड नाही, फक्त जाहिरातदारांचा पाठलाग चुकवायचा आहे, त्यांनी टॉरचा वेग सोसण्याचे कारण नाही. साधा फायरफॉक्स आता प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या ठेवतो, आणि फिंगरप्रिंटिंगविरुद्धच्या त्याच्या काही सोयी तर टॉर ब्राउझरकडूनच त्याच्याकडे आल्या आहेत. टॉर प्रोजेक्टने मलवाड या व्हीपीएन कंपनीबरोबर एप्रिल २०२३ मध्ये आणलेला मलवाड ब्राउझरही याच वर्गातला आहे. त्यात टॉरचे जाळे नाही, पण सगळ्यांना एकसारखे दाखवण्याची रचना तीच आहे. ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये टॉरची खासगी खिडकी आहे, पण खरी अनामिकता हवी असेल तर टॉर ब्राउझरच वापरा, असे ब्रेव्ह स्वतःच सांगतो. माझ्या मते घरात दोन ब्राउझर असावेत: नाव सांगून करायच्या कामांसाठी फायरफॉक्स, आणि नाव न सांगता वाचायचे असेल त्यासाठी टॉर. दोन्हींत एकाच वेळी एकाच खात्यात शिरू नये, आणि टॉरमधील काम संपल्यावर ‘नवी ओळख’ हे बटण दाबावे, म्हणजे सगळे टॅब बंद होऊन पुढचे सत्र कोऱ्या पाटीवर सुरू होते.

या ब्राउझरसाठी पैसे पडत नाहीत. संस्था देणग्या आणि अनुदानांवर चालते आणि रिले स्वयंसेवक चालवतात. आपल्याला त्यात भर घालावीशी वाटली, तर घरच्या जोडणीवर शेवटचा रिले चालवण्याचे धाडस करू नये, कारण इतरांनी त्यातून केलेल्या कृत्यांचा माग तुमच्या आयपी पत्त्यापाशी येऊन थांबेल. त्याऐवजी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये स्नोफ्लेक हे एक्स्टेन्शन बसवावे. ज्या देशांत टॉर अडवले जाते तेथील माणसे त्याद्वारे तुमच्या ब्राउझरमार्गे टॉरच्या जाळ्यात प्रवेश करतात. त्यांनी उघडलेल्या संकेतस्थळांना तुमचा पत्ता दिसत नाही, कारण तेथे ती शेवटच्या रिलेतूनच पोहोचतात. माझ्या लॅपटॉपवर ते सुरू असते, आणि घरच्या फायबरवर त्याचा भार जाणवत नाही.